अकरा दिवसांची आंबील

बसाप्पा हत्तरकीने टेम्पोतून सत्तावीस क्रेट उतरवले आणि कारखान्याच्या ओट्यावर एकावर एक रचून ठेवले. सगळे भरलेले. एकाही बाटलीचं बूच उघडलेलं नव्हतं.

"वैनी, रागवू नका," कपाळ पुसत तो म्हणाला. "संकेश्वर, निपाणी, आजरा, तिन्हीकडनं परत आलेत. दुकानदार म्हणतोय, दोनशे चाळीसची बाटली ठेवायची तर फ्रीजचं बिल बी तुम्हीच भरा."

"मग ठेवतो काय तो?"

बसाप्पाने खिशातून चंदेरी पुडी काढली आणि चोरीचा माल दाखवावा तशी तळहातावर धरली. "ही. टकटक. बारा रुपये. माझा सख्खा मेव्हणाच विकतोय, आता मी कुणाला बोलू?"

वैजयंती मगदूमने पुडीवर एक नजर टाकली. तिला ही पुडी नवी नव्हती. गडहिंग्लजच्या एसटी स्टँडसमोर प्रत्येक टपरीवर तिच्या माळा लोंबत होत्या. पुडी फाडायची, जिभेवर टाकायची, वर घोटभर पाणी प्यायचं. पुढचे वीस तास अंगात शीण म्हणून राहत नाही, आणि दीड तास आडवं झालं की माणूस पुन्हा ताजा. २०४३ साल हे टकटकचं साल होतं. ट्रकवाले घेत होते, परीक्षेची पोरं घेत होती, आणि लग्नघरी वऱ्हाडाला पानसुपारीबरोबर ती तबकात येऊ लागली होती.

आणि या सगळ्याच्या आधी, या सगळ्यांना वाट दाखवणारं, या बाटल्यांतलं 'सावध' हे पेय ज्या माणसाने शोधलं, तो वैजयंतीचा नवरा उदय मगदूम तीन वर्षांपूर्वी याच ओट्यावर छातीत कळ येऊन गेला होता.

उदय कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवायचा आणि कीर्तनावर जीव टाकायचा. पण दिवसभर उभं राहून शिकवलेलं असायचं, त्यामुळे देवळात मांडी घातली की पूर्वरंग संपायच्या आत त्याची मान छातीवर. एकदा तर बुवांनी चिपळ्या थांबवून विचारलं, "मगदूम सर, तुमच्या घोरण्याचा सूर काळी चारचा दिसतोय. उत्तररंग त्याच सुरात लावू का?" देऊळभर हशा पिकला. उदय त्या दिवशी जो लाजला, तो प्रयोगशाळेत जाऊन बसला.

आता शीण म्हणजे काय, ते ऐका. माणूस जागा असतो तोवर मेंदूची चूल पेटलेली असते. चूल पेटली की राख होणारच. या राखेला शास्त्रज्ञ ॲडेनोसिन म्हणतात. दिवसभर ती साठते. पेशींवर तिच्यासाठी ठरलेल्या जागा असतात. तिथे ती जाऊन बसली की डोळे जड होतात, आणि झोपेत ती निघून जाते. मग चहा-कॉफी काय करते? पंगतीत दुसऱ्याच्या पाटावर जाऊन बसावं, तशी ती राखेच्या जागेवर बसते. राख बाहेर ताटकळत उभीच असते. चहा उठला की ती धसमुसळेपणाने आत घुसते. उदयने निराळी वाट धरली. राखेचं निरुपद्रवी द्रव्य करून टाकणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम, आपल्याच शरीरात असतं, पण आळशी. त्याला डिवचून कामाला लावणारा रेणू उदयने बनवला. म्हणजे हे पाटावरचं अतिक्रमण नव्हे. चूल पेटती ठेवून राख खरोखर काढून टाकणारा हात.

महिनाभर त्याने ते स्वतःवर करून पाहिलं. डुलकी गेली, शीण गेला. मग आईच्या वर्षश्राद्धाला पिंडापुढे हात जोडून उभा असताना त्याच्या ध्यानात आलं की आई आठवते आहे, तिचं लुगडं, तिची हाक, सगळं आठवतं आहे, पण आत काहीच हलत नाही.

कारण झोप ही नुसती राख काढायला नसते. झोपेत मेंदू आठवणी पुन्हा बाहेर काढतो, हाताळतो, एकीचा पदर दुसरीला बांधतो. त्या हाताळण्यातच त्यांच्यात जीव येतो. झोप आखडली की आठवण राहते, पण दप्तरातल्या नोंदीसारखी. उदयने मग दुसरा घटक शोधायला दोन वर्षं घातली, आणि तो सापडला आईच्याच नाचणीच्या आंबिलीत. त्या आंबिलीतले सूक्ष्म जीव अकरा दिवस निवांत वाढले की एक द्रव्य सोडतात. ते पोटात हळूहळू उलगडतं, सात तासांनी राख काढणारा हात थांबवतं आणि माणसाला स्वप्नांनी भरलेल्या गाढ झोपेत नेतं. कीर्तनाच्या दोन भागांवरून बाटलीतल्या पहिल्या घटकाला उदय पूर्वरंग म्हणायचा, दुसऱ्याला उत्तररंग. "नुसत्या पूर्वरंगावर कीर्तन सोडू नये," म्हणायचा, "श्रोता कोरडा घरी जातो."

टकटकवाल्यांनी पूर्वरंग उचलला आणि उत्तररंग सोडला. अकरा दिवस कोण थांबतो? शिवाय ती आंबील यंत्राला दाद देत नाही. घाईने ढवळली की हवा शिरते, आणि हवा शिरली की जीव मरतात. ती रोज निराळी घट्ट होते, ते हातालाच कळतं. म्हणून कारखान्यातल्या तीन मोठ्या टाक्यांवर सकाळ-संध्याकाळ माणसं लाकडी वल्हं घेऊन उभी राहत आणि विलंबित लयीत एक अख्खा अभंग म्हणत. अभंग संपला की वल्हं बाहेर. घड्याळाने ढवळलं तर हात घाई करतो. गाण्याला घाई करता येत नाही.

टकटकमध्ये काय कमी आहे हे छापूनही आलं होतं. पण दुखत नाही अशी तक्रार घेऊन डॉक्टरकडे कोण जातो?

*

ऋजुता उदयच्या पुण्यतिथीला दहा दिवस असतानाच आली. वैजयंतीची एकुलती एक लेक, सव्वीस वर्षांची, पुण्यात मालवाहतुकीचं वेळापत्रक सांभाळणाऱ्या कंपनीत होती. आल्या आल्या तिने आईच्या बिछान्यावरची चादर बदलली, गिझर दुरुस्त केला, कारखान्याच्या तीन वर्षांच्या फायली वाचून काढल्या. रागावली नाही, कंटाळली नाही. वडील गेले त्याच महिन्यात कुणी मैत्रिणीने तिला पुडी दिली होती, आणि तेव्हापासून ती टकटकवर होती.

"आई, सरळ बोलू?" तिसऱ्या दिवशी जेवताना ती म्हणाली. "असंच चाललं तर पाडव्याला कुलूप. चाळीस माणसं घरी. त्यापेक्षा उत्तररंग काढून टाक. पूर्वरंगाची पावडर कर, पंधरा रुपये लाव. नावासाठी लोक तीन रुपये जास्त देतात. चाळीसही माणसं राहतील."

"आणि झोप?"

"दीड तास येते की. पुरते."

वैजयंतीने तिच्या पानात भात वाढला. लेक सांगत होती त्यात खोट काढायला जागा नव्हती, आणि खरी अडचण तीच होती.

"ऋजू, तुला बाबांची आठवण येते का गं?"

"आठवतं ना सगळं. सकाळी नऊ चाळीसला तुझा फोन आला. मी स्वारगेटवरून दहा पंचवीसची गाडी धरली. तू हिरवी साडी नेसली होतीस. बाबांच्या डाव्या पायाच्या अंगठ्याला चिकटपट्टी होती."

वैजयंतीचा डाव हातातच राहिला. ती चिकटपट्टी तिनेच आदल्या दिवशी लावली होती. नाचणीचं पोतं पायावर पडलं होतं म्हणून. हे ती पार विसरली होती. लेक विसरली नव्हती. आणि तिच्या आवाजात कुठे एवढासा खड्डाही नव्हता. बाप गेल्यावर ही पोर आईच्या गळ्यात पडून एकदाही रडली नव्हती. वैजयंती तीन वर्षं त्या एका रडण्याची वाट पाहत होती. कारखाना राहो न राहो, पण ते एकदा व्हावं, असं तिला वाटे. वाटल्याची लाजही वाटे. लेकीने रडावं म्हणून कुठली आई देवाला साकडं घालते?

"तू एकदा घेऊन बघ," ऋजुता म्हणाली. "लोकांना काय हवंय हे कळल्याशिवाय निर्णय कसा घेणार? आणि आई..." तिने आईच्या मनगटावर हात ठेवला. स्पर्श मऊ होता. "तू रोज पहाटे रडत उठतेस. तीन वर्षं झाली."

हे खरं होतं. रोज पहाटे उदय स्वप्नात यायचा. फार बोलायचा नाही. चष्मा कुठाय, एवढंच विचारायचा. ती चष्मा शोधायला उठायची, आणि जाग यायची, आणि तो त्या दिवशी पुन्हा जायचा. तीन वर्षांत तो हजार वेळा गेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पुडी फाडली. मालाची परीक्षा, असं स्वतःला सांगितलं. पण पुडी फाडणाऱ्या बोटांना खरं कारण माहीत होतं. तिला थोडे दिवस सुट्टी हवी होती.

*

आणि सुट्टी मिळाली की! पहिल्या दिवशी तिने वर्षभर रखडलेली पत्रं लिहून संपवली. तिसऱ्या दिवशी गुडघा दुखायचा राहिला. पाचव्या दिवशी सकाळी तिने एकच कप चहा टाकला. तीन वर्षं ती सवयीने दोन टाकायची आणि एक मोरीत ओतायची. आज एकच टाकला आणि उभ्या उभ्या प्याली. बरं वाटलं. डोकं असं स्वच्छ, जसं सारवलेलं अंगण.

सातव्या दिवशी हिशेब सरळ दिसला. उत्तररंग बंद. टाक्या रिकाम्या करून तिथे पुड्या भरायचं यंत्र बसवायचं. यंत्र सोमवारी येणार, म्हणजे टाक्या शुक्रवारी सोडायला हव्यात. शुक्रवारी उदयची पुण्यतिथी होती. तारखेला तारीख आली, एवढंच.

त्या सकाळी तिने उदयच्या फोटोला शेवंतीचा हार घातला, उदबत्ती लावली आणि टाक्यांकडे गेली. पहिल्या टाकीची तोटी तिने स्वतः उघडली. करड्या रंगाची आंबील फरशीवरून गटाराकडे वाहू लागली. आंबूस, गोडसर वास भरून राहिला. वल्ही घेऊन उभी राहिलेली माणसं एकमेकांकडे बघत राहिली. दुसरी टाकी उघडली. तिसरीपाशी परसूमामा उभा होता. पासष्टीचा, उदयच्या पहिल्या टाकीपासून वल्हं मारणारा. तो तोटीपुढून हलेना.

"बाजूला व्हा, मामा."

"न्हाई हुनार."

"तुमची नोकरी जाणार नाही. ऋजूने सगळ्यांची सोय बघितलीय."

"नोकरीचं कोन बोलतंय?" परसूमामा म्हणाला. "मी सकाळी हापिसात हुतो. तुमी साहेबास्नी हार घाटलासा."

"मग?"

"घाटलासा आनि फिरलासा. थांबला न्हाईसा. तीन वरीस बघतोय मी, वैनी. हार घालून तुमी तितं थांबतासा. कवा पाच मिंटं, कवा धा. आमी काम आडलं तरी हाक मारत न्हाई. आज तुमी थांबलाच न्हाईसा." त्याने तोटीवर हात ठेवला. "थांबणारी वैनी यिऊन सांगू द्या, मी सोताच्या हातानं सोडतो टाकी."

वैजयंतीला राग आला नाही. वाईटही वाटलं नाही. म्हातारा काय म्हणतो ते तिला नीट कळलं, आणि ते खरं आहे हेही कळलं. "बरं. सोमवारपर्यंत राहू दे," ती म्हणाली.

दुपारी चारला देवळात उदयच्या नावाचं कीर्तन होतं. सांगलीहून कीर्तनकार बाई आल्या होत्या. आवाज असा की झांजांच्या वर तरंगावा. आख्यान भरताचं लावलं होतं. राम वनात गेलेला, आणि भरत नंदिग्रामात पादुकांपुढे चौदा वर्षं बसलेला. राज्य हाताशी, पण बसायचं जमिनीवर. बाई म्हणाल्या, "मंत्री म्हणाले, महाराज, चौदा वर्षं थोडी का आहेत, आता विसरा. भरत म्हणाला, विसरलो तर तो परत येईल तेव्हा मी त्याला ओळखणार कशाने?"

शेजारी बसलेल्या शिंत्रेबाईंनी पदर डोळ्यांना लावला. पुढच्या रांगेतला तलाठी नाक ओढत होता. वैजयंतीला शब्द न् शब्द ऐकू आला. ताल कुठे बदलला तेही कळलं, तबला सुरातून किंचित उतरला आहे हेही. असं एकाग्र कीर्तन तिने जन्मात ऐकलं नव्हतं. आणि ते सगळं तिच्यावरून निथळून गेलं, अळूच्या पानावरून पाणी जावं तसं. तिने डोळ्याला बोट लावून पाहिलं. कोरडं.

उदयच्या नावाचं कीर्तन होतं, आणि ती कोरडी होती.

दुःख तिला झालं नाही. ते होण्याची सोयच नव्हती. पण विचार तर करता येत होता, आणि विचार अगदी साधा आला. तापाने तोंडाची चव गेलेल्या माणसाने आमटीत मीठ हवं की नको हे ठरवू नये. मीठ लागत नसेल तर त्याने वाटी दुसऱ्याकडे द्यावी, नाहीतर ताप उतरेपर्यंत थांबावं.

आरती घेऊन ती तडक कारखान्यात गेली. "मामा, वाडगाभर द्या," म्हणाली. परसूमामाने तिसऱ्या टाकीतली आंबील काढून दिली. ऋजुता मागोमाग आली होती.

"आई, हा नुसता उत्तररंग आहे. आठ दिवसांची पुडी अंगात आहे तुझ्या. दीड दिवस उठणार नाहीस. आणि उठलीस की परत दुखेल."

"हो."

"मग का?"

"आत्ता मला सांगता येणार नाही," वैजयंती म्हणाली. "आत्ता मलाच कळत नाहीये. कळायचं त्याची वाट बघायला जाते." आणि वाडगा तोंडाला लावला.

*

ती एकतीस तासांनी उठली. आठ दिवसांचं सगळं एकदम आलं होतं. मोरीत न ओतलेला चहा, हाराच्या पुढे न थांबलेली पावलं, गटारात गेलेल्या दोन टाक्या. त्या टाक्यांचं विरजण उदयच्या हातचं होतं, आणि ती तोटी तिने आपल्या हाताने सोडली होती. ती उशीत तोंड खुपसून रडली. आवाज अंगणापर्यंत गेला.

ऋजुता उशाशी पाण्याचा पेला घेऊन बसली होती. बहुधा तासन् तास. आईचं रडणं उतरेपर्यंत ती तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"दुखतंय?"

"हो."

"बाबा आले होते?"

"आले होते."

"काय म्हणाले?"

"चष्मा कुठाय विचारत होते."

ऋजुताने पेला खाली ठेवला. हिणवायचं म्हणून नव्हे, खरंच समजून घ्यायचं म्हणून तिने विचारलं, "एवढ्यासाठी, आई?"

"एवढ्यासाठीच गं."

वैजयंतीच्या मनात आलं, उरलेल्या आंबिलीतली वाटीभर या पोरीच्या आमटीत घालावी. कळणारही नाही. तीन वर्षांचं साचलेलं एका झोपेत बाहेर पडेल, ती गळ्यात पडेल. हात शिवशिवले. पण दुसऱ्याचं दुःख त्याच्या नकळत त्याच्या पानात वाढायचं नसतं. तिने वाटी उचलली नाही. फक्त लेक निघाली तेव्हा सहा बाटल्या पिशवीत घातल्या.

"तुलना करायला बऱ्या पडतील," ऋजुता म्हणाली. घेईन म्हणाली नाही, घेणार नाही असंही म्हणाली नाही. रिक्षात बसताना आईला नीट वाकून नमस्कार केला.

पुड्यांचं यंत्र आलं तसं परत गेलं. दोन टाक्या पुन्हा लावायला खप नव्हता, आणि उरलेल्या एका टाकीवर चाळीसांतल्या चौदा माणसांचंही पोट भरेना म्हणून दोघं आपणहून निघाली; बाकीच्या सव्वीस जणांना कागलच्या वसाहतीत काम लागलं. त्यातल्या कैकांना टकटकच्याच पुड्या भराव्या लागल्या. ते सुट्टीच्या दिवशी भेटले की नजर चुकवत, आणि वैजयंतीच त्यांना थांबवून पोराबाळांची विचारपूस करी. आता बाटल्या अकरा दिवसांतून एकदाच निघत, तीनशेच्या आत. बसाप्पा कुरकुरत न्यायचा. मग एकदा डोकं खाजवत म्हणाला, "वैनी, गंमत सांगू? निपाणीचा एक ट्रकवाला दर शनवारी एक नेतोय. म्हटलं, टकटक सोडलीस व्हय? म्हणाला, न्हाई वो, सहा दिवस ती, आणि शनवारी ही. बायको जाऊन वरीस झालंय, म्हणाला, आठवड्यातनं एकदा तरी भेट हुदे." असे पंधरावीस निघाले, मग पन्नासेक. तेवढ्यावर धंदा तरेल की बुडेल, हे त्या वर्षी तरी कुणाला सांगता आलं नसतं.

ऋजुताचा फोन दर रविवारी नऊला यायचा. तब्येत, टाकी, विजेचं बिल. अकरा मिनिटांत सगळं विचारून व्हायचं. वैजयंती फोन ठेवायची आणि तो बराच वेळ हातात धरून बसायची.

चैत्रातल्या एका बुधवारी, भर दुपारी, ती गिरणीत नाचणीचं पोतं घेऊन उभी होती. पट्टा घरघरत होता. फोन वाजला. ऋजुता.

आज रविवार नव्हता. वैजयंती पिठाच्या हाताने कानाला फोन लावून पायरीवर आली. "काय गं, काय झालं? बरी आहेस ना?"

"बरी आहे."

"मग? काही काम होतं?"

 वैजयंतीने फोन कानापासून काढून पाहिला, लागलेला होता. पुन्हा कानाला लावला तेव्हा श्वास ऐकू आला, अडखळत आत ओढलेला.

"काम काही नाही, आई," ऋजुता म्हणाली. तिचा आवाज बसलेला होता, नुकत्याच झोपेतून उठलेल्या माणसाचा असतो तसा. "काहीच काम नाही. तू बोलू नकोस. नुसती थांब."

"बरं," वैजयंती म्हणाली आणि पायरीवर खाली बसली.

आतून गिरणीवाल्याने हाक दिली, "मावशी, दळण झालं तुमचं, घेऊन चला!" तिने मान न वळवता पिठाने पांढरा झालेला हात वर केला आणि तसाच धरून ठेवला.